क्रँकचं पुढचं ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट : घरी हात घालावा का?

निवांत:

माझ्या गाडीच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूने ऑइल गळतंय. गाडी चौदा वर्षांची, १.५ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, इंजिन आडवं, टायमिंग बेल्टवालं, म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य शाफ्ट) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) यांना दातेरी पट्टा जोडतो. आजवर १ लाख ६२ हजार किमी झाले. बेल्ट चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता, त्यावर ४८ हजार झालेत. रात्री खाली पुठ्ठा टाकला तर सकाळी त्यावर तळहाताएवढा डाग असतो. टायमिंग कव्हरची खालची कड ओली आहे आणि क्रँक पुलीच्या मागे तेल-धुळीचा काळा चिखल जमलाय.

ऑइल, प्लग, ब्रेक पॅड, अल्टरनेटर, एकदा रेडिएटर, एवढी कामं मी घरी केली आहेत. टायमिंगला कधी हात लावलेला नाही. संशय क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलवर आहे, म्हणजे शाफ्ट बाहेर येतो तिथे तेल अडवणाऱ्या कड्यावर. पण तिथवर पोचायचं तर बेल्ट काढावाच लागणार. ज्यांनी हे घरी केलंय त्यांना विचारतोय: हे काम मला झेपेल का? आणि उघडलंच आहे तर सोबत काय काय बदलावं? ही गाडी मला अजून बरीच वर्षं वापरायची आहे, म्हणून घाई नाही. काम नीट व्हायला हवं.

चौथागिअर:

क्रँक सीलच गळतंय हे कशावरून? आधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बघा.

ग्रीसबोट:

चौथागिअर यांच्याशी सहमत. तेल नेहमी खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथे गळती असेलच असं नाही. व्हॉल्व्ह कव्हर, कॅम सील, ऑइल पंपाचं गॅस्केट, संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), या सगळ्यांचं तेल शेवटी त्याच खालच्या कडेला येऊन लोंबतं.

डीग्रीझरने इंजिनाची पुढची बाजू स्वच्छ धुऊन कोरडी करा. मग इंजिन ऑइलमध्ये घालायचा फ्लुरोसंट रंग मिळतो, तो टाकून दोन दिवस गाडी चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून बघा. पिवळी-हिरवी रेघ दिसते. बघायला सुरुवात वरून करायची, आणि ओली जागा जिथे सर्वांत उंचावर सापडेल तिथे गळती. वरचं टायमिंग कव्हर चार-पाच बोल्टांत निघतं. ते काढून कॅम गिअरच्या मागे डोकावलात तर कॅम सीलचाही निकाल लागेल.

जुनाजाणता:

वीस वर्षं हेच काम केलं, म्हणून लिहितो. घाबरवण्याचा हेतू नाही.

आधी तुमचं इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे का ते शोधा. अशा इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. ती वेळ बेल्ट सांभाळतो. बेल्ट तुटला किंवा बरेच दात चुकला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं.

आता एक दात चुकला तर काय होतं ते बघा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दात. समजा क्रँकला २० आणि कॅमला ४०. मग एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. एका दातात व्हॉल्व्ह सहसा वाकत नाहीत, पण गाडी ओढत नाही, आयडलिंग डळमळतं आणि इंजिनचा दिवा लागतो. दोन-तीन दात चुकले की खैर नाही. त्यामुळे ताकदीपेक्षा इथे मन शांत असावं लागतं. रविवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळी गाडी न्यायची असेल तर हात लावू नका.

वल्लरी:

मी केलंय, घरीच, दोन दिवस लागले. पहिला दिवस फक्त क्रँक पुलीच्या बोल्टवर गेला, हे आधीच सांगते.

गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, अॅक्सल स्टँड लावायचेच. आडव्या इंजिनात बेल्ट काढायला त्या बाजूचं इंजिन माउंट सोडावं लागतं, तेव्हा संपखाली जॅक आणि मध्ये जाड लाकडी फळी. फळी नसेल तर संप चेपतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. चारही प्लग काढून ठेवा, म्हणजे हाताने इंजिन फिरवताना कॉम्प्रेशन आडवं येत नाही आणि खुणा जुळवताना हात स्थिर राहतो.

सीलबद्दल. जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा गेला तर नवं सीलसुद्धा गळणार. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला कापडी टेप गुंडाळली आणि शाफ्टवर न टेकवता सीलच्या पत्र्याला उचकटलं. सीलच्या पाठीला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवून ओढतात, तीही रीत चांगली आहे, पण ड्रिल आत घुसलं तर शाफ्ट गेला. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. शाफ्टवर चावीची (गिअर जागेवर धरणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच असते, तिची धार लिपला (सीलच्या शाफ्टवर टेकणाऱ्या कडेला) कापते, म्हणून खाचेवर पातळ टेप लावून सील सरकवलं आणि मग टेप काढली. लिपला बोटाने इंजिन ऑइल. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, कडा सपाट घासून. चारही बाजूंनी हळूहळू. तिरकं गेलं की थांबायचं.

चौथागिअर:

क्रँक बोल्टला एवढा वेळ कशाला? ब्रेकर बार (लांब दांड्याचा पाना) चेसिसला टेकवायचा आणि स्टार्टरला एक टिचकी. सुटतो.

जुनाजाणता:

कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका. पाना निसटला तर तो कुठे जाईल हे कोणाच्या हातात नसतं. माझ्यासमोर एकाचं मनगट गेलं आहे. आणि काही इंजिनं उलट्या दिशेने फिरतात, होंडाची जुनी बी आणि डी मालिका तशीच. तिथे स्टार्टरने बोल्ट सुटण्याऐवजी आणखी आवळला जाईल.

फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) लॉक करणं हा सर्वांत चांगला उपाय. नाहीतर पुली धरायचं लांब दांड्याचं हत्यार मिळतं. मॅन्युअल गिअर असेल तर पाचवा गिअर टाकून कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. त्यानेही जमतं, फक्त टायर आणि माउंट ताण खातात म्हणून बोल्ट सुटायला वेळ लागतो. टायमिंगची पिन मात्र या कामाला कधी वापरू नका. ती जागा धरायला असते, एवढा जोर ती सोसत नाही.

बोल्ट परत आवळताना मॅन्युअलमधला आकडाच. पुष्कळ इंजिनांत ठरावीक न्यूटन मीटर आणि वर काही अंश असं असतं. तसा बोल्ट ताणला जातो, तो नवाच घ्यायचा. काही इंजिनांत क्रँकच्या गिअरला चावीच नसते, सगळी पकड त्या एका बोल्टच्या दाबावर असते. तिथे बोल्ट ढिला राहिला तर टायमिंग गेलंच.

चौथागिअर:

मान्य. मी दोनदा केलं आणि काही झालं नाही म्हणून लिहिलं होतं. परत नाही करणार.

कुतूहल:

जरा विषयाबाहेर. माझ्या गाडीत टायमिंग चेन आहे. मग मला ही भानगड कधीच नाही ना?

ग्रीसबोट:

चेन बेल्टपेक्षा जास्त टिकते, पण ती अमर नाही. चेन ताणली म्हणतात तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि शंभरएक कड्यांची झीज मिळून लांबी वाढते. प्लास्टिकचे गाइडही झिजतात. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली, किंवा स्कॅनरवर पी००१६ कोड आला, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही, तर चेनकडे बघायचं. चेनचं आयुष्य ऑइलवर अवलंबून असतं, कारण टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बहुधा ऑइलच्या दाबावरच चालतो. ऑइल वेळेवर बदलत राहिलात तर चेन बरीच वर्षं जाते.

दातेरी रबरी बेल्ट मोठ्या प्रमाणावर मोटारीच्या कॅमला आणला तो जर्मनीच्या ग्लास कंपनीने, १००४ या छोट्या गाडीत, १९६२ साली. आवाज कमी आणि तेलाची गरज नाही, हे त्याचे फायदे. हल्ली काही इंजिनांत बेल्ट मुद्दाम ऑइलमध्येच बुडवलेला असतो. त्याचं रबर वेगळं असतं आणि त्याला नेमून दिलेलंच ऑइल लागतं. ऑइल चुकलं की बेल्टचा भुगा होऊन ऑइल पंपाची जाळी तुंबते. साधा कोरडा बेल्ट असेल तर मात्र तेल हा त्याचा शत्रूच. निवांत, तुमचा बेल्ट फक्त ४८ हजारांचा असला तरी त्यावर तेल उडालं असेल तर तो परत लावू नका. पुसून भागत नाही, तेल रबरात मुरतं.

वल्लरी:

आणि टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली), कॅम सील हेही सोबतच बदला. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर तोही. सहा महिन्यांनी पंप गळाला तर हेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.

दहानंबर:

सगळ्यांनी सील कसं बदलायचं ते सांगितलं. ते गळायला का लागलं ते कोणी विचारलंच नाही.

पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये येतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये ओढला जातो. व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी तुंबली की आत दाब साठतो आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. तेव्हा नवं सील घातलं तरी थोड्या दिवसांनी तेच.

घरी बघायचं असेल तर इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी पसरून ठेवा. किंचित आत ओढली गेली तर ठीक. फुग्यासारखी वर आली तर दाब आहे. बाही आणि केस फिरत्या बेल्टपासून दूर ठेवा.

निवांत:

दहानंबर, तुमचे किती आभार मानू! पिशवी फुगली. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला तर आतली गोळी वाजतच नव्हती आणि नळी काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बंद होती. दोन्ही नवीन टाकलं. आठवडाभर चालवून परत पुठ्ठा ठेवला: डाग निम्म्याहून लहान, पण आहे. रंगही टाकून पाहिला. व्हॉल्व्ह कव्हर कोरडं, कॅम सील कोरडं, पुलीच्या मागे हिरवं. म्हणजे सील बदलायचंच आहे. सामान मागवलंय: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, दोन्ही सील, क्रँक बोल्ट. शनिवारी सुरुवात.

निवांत:

अडलोय. बेल्ट अजून काढलेला नाही, पुलीही जागेवर आहे. वरचं कव्हर काढलं, इंजिन फिरत्या दिशेने हाताने फिरवून क्रँक पुलीची खूण खालच्या कव्हरवरच्या शून्यावर आणली. पण कॅम गिअरची खूण हेडवरच्या खुणेशी जुळत नाही, जवळजवळ एक दात सरकलेली आहे. चार वर्षांपूर्वी गॅरेजने एक दात चुकवूनच बेल्ट बसवला होता की काय? गाडी तर छान चालते. आता कोणत्या खुणेवर विश्वास ठेवू?

जुनाजाणता:

थांबलात ते उत्तम केलंत. पुढे काहीही करू नका, आधी हे वाचा.

पुली म्हणजे एकसंध तुकडा नसतो. आत हब, बाहेर जड कडं आणि दोघांच्या मध्ये रबर. क्रँकची थरथर ते रबर खातं. तुमची खूण बाहेरच्या कड्यावर आहे. ते रबर कित्येक महिने तेलात भिजलंय. रबर सुटून कडं हबवर फिरलं असेल तर खूण खोटं बोलतेय आणि बेल्ट बरोबर आहे. एक दात चुकलेली गाडी छान चालत नाही, म्हणून मला पुलीचाच संशय आहे.

खरी खूण क्रँकच्या दातेरी गिअरवर असते, खालच्या कव्हरच्या आत. आता कॅमची खूण हेडच्या खुणेवर आणा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात लांब लाकडी काडी सोडून पिस्टन वर आहे का ते बघा. काडी इतकी लांब हवी की हातातून सुटून आत पडणार नाही, आणि ती तिरकी अडकेल असं फिरवायचं नाही. काडी नेमका अंश सांगणार नाही, कारण वर पोचल्यावर पिस्टन थोडा वेळ हलतच नाही म्हटलं तरी चालेल. साधारण अंदाज येईल. मग पुली आणि खालचं कव्हर काढा आणि गिअरची खूण ऑइल पंपावरच्या खुणेशी ताडून बघा. बघताना डोळा समोर ठेवा, वरून तिरकं बघितलं तर अर्धा दात खोटा दिसतो.

वल्लरी:

बाप रे, हे मला माहीत नव्हतं. मी पुलीच्या खुणेवरच सगळं केलं होतं!

निवांत:

अगदी तेच निघालं! कॅमची खूण जुळवून पुली काढली, कव्हर काढलं, तर गिअरची खूण पंपावरच्या खुणेसमोर तंतोतंत. बेल्ट पहिल्यापासून बरोबर होता. पुलीचं कडं हाताने जोर लावला की सरकतं आणि रबर बोटाला काळं लागतं. मी मनातल्या मनात त्या गॅरेजला दोष दिला होता, तो मागे घेतो. नवी पुली येईपर्यंत काम थांबवलंय.

ग्रीसबोट:

वा! त्या खोट्या खुणेवर कॅम सरकवून बेल्ट बसवला असता तर चांगलं टायमिंग तुम्ही स्वतःच बिघडवलं असतंत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवा बेल्ट बसवून झाला की क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा परत तपासायच्या. कुठे कडक अडलं तर जोर न लावता थांबायचं. त्या वेळी बेल्टवर छापलेल्या रेघा गिअरच्या खुणांशी जुळणार नाहीत, तेव्हा घाबरू नका. १०३ दातांचा बेल्ट दोन फेऱ्यांत फक्त ४० दात पुढे जातो. बेल्टवरच्या रेघा बसवण्यापुरत्या. नंतर फक्त गिअरच्या खुणा बघायच्या.

दहानंबर:

आणि बेल्ट क्रँकपासून चढवा, ताणाची बाजू टाइट ठेवून. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. टेन्शनर इंजिन थंड असताना लावा. हायड्रॉलिक टेन्शनर असेल तर वाइसमध्ये अगदी हळू दाबून पिन घाला. बेल्ट दुमडू नका, उलटा वळवू नका.

निवांत:

झालं! पंधरा दिवसांनी सविस्तर लिहितोय.

जुनं सील काढल्यावर शाफ्टवर जिथे लिप घासत होती तिथे नखाला जाणवेल अशी बारीक खाच सापडली. यावर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते असं वाचलं. पण माझी खाच उथळ होती. म्हणून नवं सील जुन्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर बाहेर बसवलं, लिप कोऱ्या जागेवर यावी म्हणून. मागचं तेल परतीचं भोक झाकलं जात नाही हे आधी पाहून घेतलं. कॅम सील आलं तेव्हा त्याला स्प्रिंगच नव्हती, लिप सपाट आणि सोबत प्लास्टिकची नळी. मी तेल लावणारच होतो, पण पाकिटावरची सूचना वाचली.

जुनाजाणता:

वाचलंत ते बरं झालं. ते पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील. ते कोरडंच बसवायचं, लिपलाही तेल नाही आणि शाफ्टलाही नाही. बोटाने लिप चाचपायची नाही. बसवल्यावर काही तास इंजिन सुरू करायचं नाही, म्हणजे लिप शाफ्टचा आकार धरते. वल्लरीताईंनी सांगितलेलं तेल साध्या रबरी सीलला बरोबर आहे.

निवांत:

तसंच केलं, रात्रभर ठेवलं. बेल्ट काढल्याबरोबर कॅम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने टचकन थोडा फिरला, तेव्हा पोटात गोळा आला. पाना लावून सावकाश खुणेवर आणला. दोन फेऱ्या फिरवल्या, परत दोन, परत दोन. बेल्टच्या रेघा खरंच कुठल्या कुठे गेल्या होत्या आणि गिअरच्या खुणा दर वेळी जागेवर. सकाळी प्लग लावले, कूलंट भरून हवा काढली, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि मी पाच मिनिटं नुसता कान देऊन उभा होतो.

आता १,१०० किमी झालेत. पुठ्ठा रोज ठेवतो, कोरडा आहे.

कुतूहल:

अभिनंदन! जुनी पुली टाकून दिलीत का?

निवांत:

नाही, ठेवली आहे. नव्या पुलीवर मात्र बसवण्याआधी हबपासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली. दर वेळी ऑइल बदलताना टॉर्चने ती बघणार. रेघ मध्येच तुटलेली दिसली तर कडं सरकलं.

वल्लरी:

मी उद्या सकाळी पहिलं काम हेच करते. माझ्या पुलीवर अशी रेघ नाही, पण कॅमची खूण जुळवून पुलीची खूण कुठे येते ते तरी बघते.